भाकरीचं इंजिनिअरिंग

मेसच्या पोळीवर आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी एक तरी विनोद येतोच, म्हणून तो मी करत नाही. विषय भाकरीचा आहे. आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीला सिलिॲक डिसीज निघाला आणि डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला. गव्हातल्या ग्लुटेनमुळे तिच्या आतड्याचं अस्तर खराब होतं. नुसत्या भातावर चार वर्षं कशी काढणार? ज्वारीत मात्र ग्लुटेन नाही. म्हणजे भाकर! फक्त ती मऊ व्हायला हवी, कारण सकाळी डब्यात भरलेली भाकर दुपारी दोन प्रॅक्टिकल्सनंतर खायची असते. म्हणून आम्ही मेसच्या मावशींकडे शिकवणीच लावली.

आधी पोळीचं बघू. कणीक मळली की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रोटीन्स जोडली जाऊन रबरासारखं जाळं तयार होतं. त्यामुळे पोळी न फाटता लाटता येते. ज्वारीचं प्रोटीन असं जाळं करत नाही. मग भाकर धरून कोण ठेवतं? तर स्टार्च. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. मावशींच्या भाषेत सांगायचं तर, "थंड्या पाण्यानं भाकर फाटंन नाही त काय व माय! आधण येऊ दे."

तर एक वाटी पिठाला जवळपास एक वाटी पाणी उकळायचं. त्यात अर्धं पीठ टाकून ढवळायचं, गॅस बंद करून पाच-दहा मिनिटं झाकायचं. मग उरलेलं पीठ घालून तळहाताच्या टाचेनं भरपूर रगडायचं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळायचा, खाली कोरडं पीठ टाकून परातीत थापायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी विसरलं की वरचा पापुद्रा सुकतो, तडे जातात आणि वाफ तिथूनच पळते. ते पूर्ण सुकायच्या आत उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की आचेवर धरायची, आतल्या पाण्याची वाफ होऊन भाकर टम्म फुगते. बघायला खरंच मस्त वाटतं!

पीठ ताजं हवं. जुनं झालं की विरी जातं, थापताना चिरा पडतात, चवही कडवट लागते. आणि भाकर फ्रिजमध्ये ठेवू नका. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट रचला जातो आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात लवकर होतं. गरम भाकर सुती कापडात गुंडाळून डब्यात भरा. कडक झालीच तर पाण्याचा हात लावून तव्यावर गरम केली की बरीच मऊ होते.

खरा प्रॉब्लेम पुढेच आला. गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ जात्यात उरतं आणि ज्वारीत मिसळतं. आपल्याला काही होत नाही, पण सिलिॲकवाल्याला तेवढंही चालत नाही. आता अकोल्याहून तिची आई दर पंधरा दिवसांनी पीठ पाठवते, घरची घरघंटी फक्त ज्वारीसाठी ठेवलीय. मावशींनीही परात, तवा आणि कापड वेगळं केलंय. पोळ्या सुरू व्हायच्या आधी तिच्या भाकरी होतात, कारण लाटताना गव्हाचं पीठ उडतं.

गंमत बघा, वऱ्हाडात एकेकाळी कपाशीच्या जोडीला ज्वारी असायचीच. सोयाबीन आलं आणि ती मागे पडली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारीवर संशोधन चालतं, पण आमच्या विंगमधल्या बहुतेकींनी भाकर थापलेली नव्हती.

एक महत्त्वाचं. कुणाला सतत जुलाब, पोटदुखी किंवा ॲनिमिया असेल तर मनानेच गहू सोडू नका. गहू बंद केल्यावर सिलिॲकची रक्ततपासणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते. आधी डॉक्टर, मग टेस्ट, आणि भाकर त्यानंतर. मावशी रविवारी सकाळी मोकळ्या असतात, परात आपली आपण घासायची.