घरची बाजू केसपेपरवर यायला हवी

चि. अनघास,


कळंबच्या सरकारी दवाखान्यात वैद्यकीय समाजसेविका म्हणून रुजू झालीस, पण डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाहीस, असं दादा म्हणाला. म्हणून हे पत्र.

तू तिथं कुणाच्या हाताखालची मदतनीस नाहीस. 1946 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, तेव्हापासून हे उपचाराचंच काम आहे. तुळजापूरला टाटा संस्थेत तू हे शिकलीस. आता वॉर्डात ते बोलून दाखव.

टीबीचा पेशंट घे. गोळ्या सहा महिने घ्यायच्या आणि इकडे मुकादमाची उचल घेऊन झालेली. दिवाळीच्या सुमारास नवराबायको ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रजिस्टरवर उरतं एवढंच, 'पेशंट येत नाही.' टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार, कधी निघणार, मुकादमाचा नंबर काय, हे तू विचारायचंस. आणि ते स्वतःच्या वहीत ठेवायचं नाही. त्याच दिवशी टीबीच्या पर्यवेक्षकांना सांग. टीबीच्या निक्षय पोर्टलवर नोंद असली की उपचार दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग होतात. गावातल्या आशाताईंच्याही कानावर घाल. पोषणाचे महिन्याचे 1000 रुपये खात्यात जमा होतात का, हेही बघ; रोजावर पोट असलेल्या घरात तेवढ्यावर बरंच अवलंबून असतं.

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना सगळी कहाणी ऐकवू नकोस. काय करायला हवं ते आधी सांग, कारण मागून. "हा बुधवारी टोळीबरोबर निघतोय, मंगळवारपर्यंत औषधं हातात हवीत." एवढं पुरतं. सिस्टरांशी मात्र सवडीने बोल. राऊंडला गप्प बसणारा पेशंट रात्रपाळीच्या सिस्टरजवळ मन मोकळं करतो.

विश्वासाने सांगितलेलं मात्र जपून. सरकारी योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड लागतं, बाई सासर सोडून का आली ते लागत नाही. कुणाला काय सांगायचं, ते आधी तिलाच विचार.

घरी बघायला कुणी नाही आणि डिस्चार्ज ठरलाय, असं दिसलं तर स्पष्ट बोल आणि केसपेपरवर लिही. डॉक्टर चिडले तरी लिही. मतभेद झाला म्हणून अबोला धरायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा राऊंडला जायचं.

अधीक्षकांकडे आठवड्यातून अर्धा तास मागून घे. डॉक्टर, सिस्टर, लॅबचे, औषधांचे, सगळे एकत्र बसतील असा. पहिल्या बैठकीला ऊसतोडीला जाणाऱ्या पेशंटांची यादी ने. दसऱ्याच्या आत ती तयार हवी.

तुझी,
आत्या