‘नाथ’ म्हणजे कोण, हे यंत्राला कोण सांगणार?

बारावीचा निकाल लागला की बिडकीनपासून पैठणपर्यंतचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: ‘एआय-डेटा सायन्सला कुठं नंबर लागेल?’ मुलाला काय आवडतं, हे त्या प्रश्नात नसतंच. मार्कशीटवर गणित कसंबसं निघालेलं असतं, तरी ‘मॅनेजमेंट कोट्यातून बघू’ ही तयारी असते, मग एखादी एकर गहाण पडली तरी चालते. स्पष्टच सांगायचं तर ही शाखा सगळी संख्याशास्त्र आणि गणितावर उभी आहे. त्याचा कंटाळा असलेलं मूल तिथं चार वर्षं नुसते बॅकलॉग काढत बसतं. मेडिकल, बँक, स्पर्धा परीक्षा यांची माहिती गल्लोगल्ली मिळते, त्यामुळे तिच्यात शिरत नाही. कॉम्प्युटरचंच काम करायचं आहे, पण ओढ भाषेची किंवा हिशेबाची आहे, अशा मुलांची एक वाट कुणी दाखवत नाही. ती आहे मार्कअपची.

मार्कअप म्हणजे मजकुराला केलेल्या खुणा. पैठणात ‘नाथ’ म्हटलं की संत एकनाथ, नाथषष्ठी आणि नाथसागर यांतलं काय अभिप्रेत आहे, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. यंत्रापुढे मात्र फक्त अक्षरं असतात. त्या शब्दाभोवती <व्यक्ती>नाथ</व्यक्ती> किंवा <जलाशय>नाथसागर</जलाशय> अशी खूण केली की अर्थ मजकुराबरोबरच प्रवास करतो. वेबपानाची एचटीएमएल मुख्यतः शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, दुवा कुठला एवढं सांगते. विशिष्ट कामांसाठीच्या मार्कअप भाषा ‘ही वस्तू काय आहे’ ते सांगतात. त्यातल्या बहुतेक 1998 साली प्रमाणित झालेल्या एक्सएमएलच्या नियमांवर बेतल्या आहेत, आणि त्या नियमांनुसार खुणेचं नाव देवनागरीतही चालतं. गणिती सूत्रांसाठी मॅथएमएल आहे, चित्रांसाठी एसव्हीजी, नकाशांसाठी केएमएल. हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर वर्डमधल्या डॉकएक्स फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. अर्जाचा तुमचा मजकूर आत एक्सएमएलच्या खुणांमध्ये गुंडाळलेला सापडेल.

या कामाचं मूळ पैठणच्या मातीत शोधायलाही हरकत नाही. नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये चुका आणि भर शिरली होती. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, तिची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी पदरच्या ओव्या घुसडू नयेत अशी तंबीही दिली. पुढे इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये, एकनाथांच्याही आधीची म्हणून, वेगळी प्रत छापली. पाठभेदांचा हा सगळा पसारा छापील पुस्तकात तळटीपांमध्ये कोंबावा लागतो. टीईआय ही मार्कअपपद्धती, जिची सुरुवात 1987 साली झाली, नेमकी यासाठी उपयोगी पडते. एका ओवीचे तीन पाठ असतील तर प्रत्येकाला त्याच्या पोथीचं नाव लावून नोंदवायचं, मग वाचणाऱ्याने हवी ती पोथी निवडून त्या पाठानुसार ग्रंथ वाचावा. जुनी मराठी आणि मोडी वाचता येणारं आणि कीबोर्डला न बिचकणारं मूल इथं लागतं. आजची पंचाईत अशी की मोडी येणारे कॉम्प्युटरपासून लांब आणि कॉम्प्युटरवाले मोडीपासून. अर्थात अशा जागा थोड्या आहेत आणि पगार बेताचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

पगाराची चिंता असेल तर कॉमर्सकडे बघा. 2011 पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि 5 कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या कंपन्यांना, काही अपवाद सोडून, ताळेबंद एक्सबीआरएल या मार्कअपमध्ये भरायला लावला. तिथं ‘येणे’ रकमेला ती काय आहे, कुठल्या तारखेची आणि कुठल्या चलनातली, अशा खुणा लागतात. बीकॉम झालेल्याला ताळेबंद वाचता येतो, इंजिनिअरला बहुधा येत नाही.

‘हे तर उद्या एआयच करेल’ हा आक्षेप येतोच. खुणा घालायचं यांत्रिक काम ते करेलही. नुसत्या टॅगिंगवर पोट भरायचा बेत करू नये, हे मान्य. पण खुणा ठरलेल्या नियमांनुसार घातल्या आहेत की नाही एवढंच तपासणी करणारी प्रणाली बघते. नाथसागराला ‘व्यक्ती’ ठरवलं तरी ती हूं की चूं करत नाही. ते पकडायला विषय जाणणारा माणूस लागतो. दुसरा आक्षेप, तंत्र बदलतं. बदलतंच, आयकर विवरणपत्राची फाइल 2021 मध्ये एक्सएमएलवरून जेसन या दुसऱ्या पद्धतीवर गेली. पण मजकुराचे भाग कसे पाडायचे हा विचार ज्याला जमला, त्याला नवी चिन्हं शिकायला फार दिवस लागत नाहीत. ‘याची डिग्री कुठं मिळते?’ पदवी मराठीची किंवा कॉमर्सची घ्यावी आणि हे सोबत शिकावं. टीईआयची मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट आहे. वेगळी डिग्री नाही, म्हणून डोनेशनही नाही, आणि मला वाटतं याच कारणाने ही वाट पालकांना खरी वाटत नाही.

प्रवेशाचे पैसे भरण्याआधी एक करून बघा. एकनाथांचं एखादं भारूड मुलाला टाइप करायला द्या आणि कोण बोलतंय, वरवरचा अर्थ कुठं संपतो, आतला कुठं सुरू होतो, याच्या खुणा घालायला सांगा. रात्रीच्या जेवणाला हाक मारूनही उठलं नाही तर पुढचं बोलू. तासाभरात कंटाळलं तर ही वाट त्याची नाही; मग इथंही ढकलू नका.