ॲक्युपंक्चर उपचार : नव्या रुग्णांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

शेतात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीपासून कचेरीत दिवसभर बसून काम करणाऱ्या कारकुनापर्यंत कंबरदुखी, मानदुखी आणि गुडघेदुखी यांनी कोणालाही सोडलेले नाही. औषधे घेऊन कंटाळलेला रुग्ण मग ॲक्युपंक्चरकडे वळतो. सुया टोचून दुखणे बरे कसे होणार, अशी शंका त्याच्या मनात असते, भीतीही असते. शंका आणि भीती या दोहोंचे निरसन माहितीनेच होऊ शकते.

पूर्वपीठिका

ही पद्धती मूळ चीनमधील असून तिला दोन हजार वर्षांहून अधिक परंपरा आहे. शरीरातील विशिष्ट बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचणे हे तिचे स्वरूप. जागतिक आरोग्य संघटनेने अशा 361 बिंदूंची स्थाने प्रमाणित केली आहेत.

भारताशी या पद्धतीचा संबंध एका सेवाकार्यातून जुळला. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे मराठी डॉक्टर होते. कोटणीस यांचे 1942 साली तेथेच निधन झाले. पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू 1950 नंतरच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी तिचा प्रारंभ केला.

उपयोग कितपत?

प्राचीन चिनी ग्रंथ प्राणशक्तीच्या प्रवाहाची कल्पना मांडतात. आधुनिक संशोधनानुसार सुई टोचल्याने मज्जातंतू उद्दीपित होतात आणि वेदना शमविणारी द्रव्ये शरीरातच स्रवतात.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्के, भलत्याच जागी उथळ सुया टोचलेल्यांपैकी 44.2 टक्के, तर औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्के रुग्णांना आराम पडला. यावरून दोन गोष्टी दिसतात. उपचार घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक आराम मिळाला. मात्र अचूक बिंदूचे महत्त्व सांगितले जाते तितके दिसून आले नाही. जुनाट कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याचा संधिवात, वारंवार उठणारी डोकेदुखी आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांत हा उपचार साहाय्यक ठरू शकतो. मधुमेह, क्षय, कर्करोग किंवा हृदयविकार सुयांनी समूळ बरा करतो असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

आधी निदान, मग उपचार

सर्वांत मोठा धोका सुईचा नसून निदानास होणाऱ्या विलंबाचा आहे. कंबरदुखीसोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, पायांतील शक्ती कमी होत असेल, मांड्यांच्या आतील भागास बधिरता आली असेल किंवा लघवीवरील ताबा सुटला असेल, तर ते साधे दुखणे नव्हे. मणक्याचा क्षय किंवा मज्जारज्जूवरील दाब अशी कारणे त्यामागे असू शकतात. अशा रुग्णाने प्रथम शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. छातीत दुखू लागल्यास तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. त्याचप्रमाणे रक्तदाब, मधुमेह, अपस्मार वा क्षय यांवरील चालू औषधे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

उपचारक कसा निवडावा?

केंद्र शासनाने 2003 साली नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना व योग्य प्रशिक्षितांना या उपचारास अनुमती दिली आणि 2019 साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालमध्ये 1996 चा, तर महाराष्ट्रात 2015 चा याविषयीचा अधिनियम आहे. म्हणून उपचारकाची पदवी, प्रशिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा. असे विचारण्यात संकोच नसावा. तो रुग्णाचा हक्क आहे.

सुई निर्जंतुकच हवी

प्रत्येक रुग्णासाठी नवी, बंद पाकिटातील सुई वापरली गेली पाहिजे. पाकीट आपल्या समोर फोडले जात आहे ना, हे पाहावे. वापरलेली सुई टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यातच टाकली गेली पाहिजे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात 1984 साली एकाच उपचारकाच्या हातून 35 रुग्णांना ब प्रकारच्या काविळीची लागण झाली होती. केवळ स्पिरिटने पुसलेली किंवा उकळत्या पाण्यात बुडविलेली सुई सुरक्षित समजू नये.

पुढील बाबी आधीच सांगाव्यात

- गर्भधारणा असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास;
- रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा रक्त लवकर न गोठण्याचा विकार असल्यास;
- हृदयात पेसमेकर बसविला असल्यास (अशा रुग्णाने सुयांना वीज जोडून केला जाणारा उपचार घेऊ नये);
- पूर्वी इंजेक्शन घेताना भोवळ आली असल्यास;
- मधुमेह, अपस्मार किंवा त्वचेचा संसर्ग असल्यास.

उपचाराच्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नये. एक-दोन तास आधी हलका आहार घ्यावा. मद्यपान करू नये. कपडे सैल असावेत. पहिल्या खेपेस शक्यतो आडवे पडून उपचार घ्यावा, म्हणजे भोवळ येण्याचा संभव कमी होतो. सुई भरीव असून तिची जाडी बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंजेक्शनच्या सुईहून पुष्कळच कमी असते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. नंतर त्या जागी जडपणा, झिणझिण्या किंवा ऊब जाणवते. तीव्र कळ आल्यास किंवा घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आल्यास तत्काळ सांगावे. सुया साधारणतः 15 ते 30 मिनिटे ठेवतात. तोपर्यंत हालचाल करू नये. सुया काढल्यावर त्या मोजल्या जाव्यात. नंतर थोडा वेळ बसून मगच घरी निघावे. गरगरत असल्यास वाहन चालवू नये.

नंतरची काळजी

सुईच्या जागी रक्ताचा थेंब येणे, काळानिळा डाग पडणे किंवा दिवसभर थकवा वाटणे हे किरकोळ परिणाम होत. छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया टोचल्यानंतर काही तासांनीही छातीत कळ येऊन धाप लागली, तर फुप्फुसाला इजा झाल्याची शक्यता असते. हा प्रकार विरळा असला तरी गंभीर आहे. त्वरित रुग्णालयात जावे आणि सुया टोचल्याचे तेथे सांगावे. टोचलेल्या जागी सूज, पू किंवा ताप आल्यासही डॉक्टरांना दाखवावे.

एका बैठकीत गुण येईलच असे नाही. सहा ते बारा बैठका सुचविल्या जातात. एकूण बैठका व खर्च आरंभीच विचारून घ्यावा. चार-सहा बैठकांनंतर चालणे, झोप आणि काम यांत काय फरक पडला याचा आढावा घ्यावा. काहीच फरक नसेल, तर तोच उपचार पुढे ओढत राहू नये.

गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी यांनी ही माहिती लोकांपर्यंत पोहोचवावी. उपचार कोणताही असो, निदान डॉक्टरांकडून, सुई नव्या पाकिटातून आणि निर्णय विचारपूर्वक, एवढे पथ्य सांभाळल्यास रुग्णाचे अहित टळेल.