जुन्या बाहुल्यांस नवा रंग



दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला बांधावा, त्यावर अळीव पेरावे, शिखरावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज व उतारावर मावळे मांडावे, हा आपल्याकडील मुलांचा जुना परिपाठ तुम्हांस सांगावयास नको. परंतु दिवाळी सरल्यावर त्या मावळ्यांचें पुढें काय होतें, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. कांहीं पावसांत विरतात, कांहीं माळ्यावर जातात व वर्षानुवर्षें तेथेंच पडून राहतात. अशाच एका पेटींतील बाहुल्यांचा जीर्णोद्धार गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं काशीद येथें केला. त्या कामांत रसायनशास्त्र, अंकगणित व चित्रकला ह्या तिहींचा पाठ घडला, आणि एक चूकही घडली. ती हकीकत येथें देत आहें.

काशीद हें मुरूड तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. पुढें पांढऱ्या वाळूचा किनारा व सुरूचीं झाडें, पाठीशीं फणसाडचें जंगल. तेथें आमचें वडिलोपार्जित कौलारू घर आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां किनाऱ्यावरील सुरू उन्मळून पडले, आमच्या घराचीं अर्धीं कौलें उडालीं, आणि माळ्यावरील एक ट्रंक पावसानें व समुद्राच्या तुषारांनीं आंतपर्यंत भिजली. त्या वेळीं घरावर छप्पर घालण्याची चिंता. ट्रंकेंतील वस्तु घाईनें पुसून पुन्हा बांधून ठेविल्या, व त्या तशाच राहिल्या.

गेल्या सुटींत आमच्या वर्गांतील चार मुलें माझ्याबरोबर काशीदला आलीं होतीं. त्यांस एका नव्याच खेळाचें वेड लागलें होतें. ह्या खेळास इंग्रजींत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. एकानें सूत्रधार व्हावयाचें, बाकीच्यांनीं एकेका पात्राची भूमिका घ्यावयाची, आणि सूत्रधार जो प्रसंग सांगेल त्यांत आपलें पात्र काय करील तें प्रत्येकानें बोलावयाचें. पात्राचा बेत साधला कीं फसला, हें फांसे ठरवितात. मुलांची कथा अंतराळांतील होती: एक जुनाट यान, दूरच्या ग्रहावरील एक बंदर आणि तेथें हरविलेली माणसें. मेजावर कोण कोठें उभा आहे तें दिसावें म्हणून त्यांस लहान बाहुल्या हव्या होत्या. परदेशी धातूच्या बाहुल्या मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मीं कानांस हात लावला. तेव्हां मला त्या ट्रंकेची आठवण झाली.

ह्या खेळाची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ मध्यें अधिकाऱ्यांस शिकविण्याकरितां नकाशावर सोंगट्या व फांसे घेऊन युद्ध खेळण्याची पद्धत सुरू झाली. पुढें १९१३ मध्यें एच. जी. वेल्स ह्या इंग्रज लेखकानें खेळण्यांतील शिपायांनीं लढाई कशी खेळावी, ह्याचे नियम 'लिटल वॉर्स' नांवाच्या पुस्तकांत दिले. ज्यानें १८९८ मध्यें मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी प्रसिद्ध केली, तोच हा वेल्स. मोठा मनुष्य गुडघे टेकून जमिनीवर शिपाई मांडतो, ह्याचें त्यास मुळींच वैषम्य वाटत नसे, हें मला फार आवडतें. १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन ह्यांनीं पहिला प्रसिद्ध भूमिकाखेळ काढला. अंतराळप्रवासाचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ मधला. त्याच १९७४ सालीं इकडे मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' ह्या कथेस पहिलें पारितोषिक मिळालें होतें, आणि ती कथा त्यांनीं टोपणनांवानें पाठविली होती, हें ऐकून मुलें चकित झालीं.

आतां ट्रंकेकडे वळूं. तींत एकूण एकोणीस बाहुल्या निघाल्या. नऊ मावळे भाजलेल्या मातीचे, सात शिपाई शिशाचे व तीन मेंढपाळ प्लास्टरचे. मेंढपाळ आमच्या घरच्या नाताळच्या गव्हाणींतले. शिपाई आजोबांच्या वेळचे.

जुन्या बाहुलीस हात लावण्यापूर्वीं ती कशाची आहे हें ओळखिलें पाहिजे. ह्या बाबतींत मी स्वतः लहानपणीं ठेंच खाल्ली आहे. रंग काढावा म्हणून एक मावळा मीं पाण्याच्या बादलींत टाकिला. तो न भाजलेल्या मातीचा होता. संध्याकाळीं बादलींत चिखल तेवढा उरला. कच्ची माती पाण्याचा थेंब लागतांच मऊ पडते. भाजलेली माती थेंब शोषून घेते, पण नखानें उकरत नाहीं. प्लास्टर पांढरें व ठिसूळ असून नखाची रेघ घेतें. आणि शिसें हातांत घेतांच आपल्या जडपणानें ओळख देतें. थेंब नेहमीं तळाशीं, न दिसणाऱ्या जागीं लावावा.

मावळ्यांचा रंग बहुतेक गेला होता, व अंगावर मिठासारखी पांढरी बुकणी आली होती. ती खरोखरच मीठ होती. भाजलेली माती सच्छिद्र असते. खारें पाणी आंत मुरतें. हवा कोरडी झाली म्हणजे पाणी उडून जातें, पण मीठ पृष्ठभागाखालीं स्फटिकरूपानें सांचतें, आणि ते स्फटिक वाढतांना रंगाचे पोपडे उचलून टाकितात. वरून कितीही पुसलें तरी पुढच्या पावसाळ्यानंतर तेंच. उपाय एकच: बाहुली गोड्या पाण्यांत बुडवून ठेवावी, रोज पाणी बदलावें, व मीठ निघणें थांबलें कीं सावलींत वाळवावी. परंतु थांबलें हें कळावें कसें? ह्याकरितां मीं शाळेच्या प्रयोगशाळेंतून सिल्व्हर नायट्रेटचा पातळ द्राव नेला होता. बुडविलेल्या पाण्याच्या नमुन्यांत त्याचे दोन थेंब टाकिले कीं क्लोराइड असल्यास दह्यासारखा पांढरा सांका बसतो. पहिल्या दिवशीं पाणी दुधासारखें झालें. चौथ्या दिवशींही गढूळपणा जाईना, तेव्हां एका मुलानें सहज विहिरीचें कोरें पाणीच तपासून पाहिलें, तर तेंही गढूळ! समुद्राजवळच्या विहिरीच्या पाण्यांत मीठ असावयाचेंच. दोष मावळ्यांचा नव्हता. ही तुलना मला आधीं सुचावयास हवी होती. मग मोटारीच्या बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी आणून शेवटचीं दोन स्नानें त्यांत घातलीं. (हा द्राव बोटांस लागला तर काळे डाग पडतात व ते कांहीं दिवस राहतात. दोघांच्या बोटांवर ते शाळा उघडेपर्यंत होते.)

शिशाच्या शिपायांची गोष्ट निराळी. लंडन येथील विल्यम ब्रिटन ह्यांच्या कारखान्यानें १८९३ मध्यें पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढिली: वितळलेली मिश्रधातु सांच्यांत ओतावयाची, कडेचा थर गोठला न गोठला तोंच मधला रस परत बाहेर ओतावयाचा. त्यामुळें धातु वांचली व शिपाई स्वस्त झाले. आमचे शिपाई कोणत्या कारखान्याचे तें त्यांवर लिहिलेलें नाहीं, पण ते पोकळ आहेत खरे. ते एका लाकडी पेटींत होते, आणि त्यांच्याही अंगावर पांढरी भुकटी होती. मुलांनीं लगेच तें मीठ ठरविलें. तें मीठ नव्हे. कित्येक लांकडांतून व पुठ्ठ्यांतून सिरक्याच्या अम्लाची वाफ अत्यल्प प्रमाणांत निघत असते. ती वाफ, दमट हवा व हवेंतील कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचें कार्बोनेट बनवितात. जुन्या काळीं रंगाऱ्यांचा सफेदा ह्याच रीतीनें करीत: शिशाचे पत्रे सिरक्याच्या भांड्यांवर ठेवून शेणाच्या उबेंत पुरीत. म्हणजे आमच्या पेटींत एक लहानसा सफेद्याचा कारखाना नकळत चालला होता.

हा सफेदा विष आहे. म्हणून शिपाई मीं मुलांच्या हातीं दिले नाहींत. हातमोजे घालून, ओल्या फडक्यानें पुसून, फडकें वेगळें टाकून दिलें. कोरडें घासणें किंवा खरडणें अजिबात केलें नाहीं, कारण उडालेली धूळ श्वासावाटे पोटांत जाते. मग त्यांवर पारदर्शक वार्निशाचा हात दिला व लांकडाऐवजीं पत्र्याच्या डब्यांत त्यांची रवानगी केली. जुन्या रंगांतही शिसें असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ मध्यें झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. घरांत जुनीं रंगीत खेळणीं असतील तर तीं धाकट्या भावंडांच्या तोंडांत जाऊं देऊं नका.

राहिले मावळे. त्यांचे आतां अंतराळवीर व्हावयाचे होते. प्रथम पांढऱ्या रंगाचें पातळ अस्तर, तें वाळल्यावर मूळ रंग. येथपर्यंत सर्वांचें जमलें. पण मावळे सपाट, पत्त्यांतील राजांसारखे दिसूं लागले. त्याचें कारण अंकगणितानें समजतें. आमचा मावळा ९ सेंटिमीटर उंच. मनुष्य सुमारें १७०. म्हणजे मावळा माणसाच्या एकोणिसाव्या हिश्श्याएवढा. तो आपण हातभर, ६० सेंटिमीटर, अंतरावरून पाहिला तर डोळ्यास जेवढा दिसतो, तेवढाच खरा मनुष्य सुमारें ११ मीटरांवरून दिसेल. परदेशी खेळांतील २८ मिलिमीटरची बाहुली घेतली तर हेंच अंतर सुमारें ३६ मीटर होतें. तितक्या दुरून माणसाच्या अंगरख्याचें बटण दिसत नाहीं. पण पागोट्याखालील सावली, घडीची काळी रेघ व खांद्यावरचा उजेड दिसतो. बाहुलीच्या अंगरख्याची घडी अर्धा मिलिमीटर खोल, आणि खोलींतला उजेड चोहोंकडून येतो. त्यामुळें तिची सावली आपली आपण पुरेशी पडत नाहीं. ती रंगाऱ्यानें काढून द्यावी लागते.

ती काढण्याची रीत सोपी आहे. मूळ रंग वाळल्यावर गडद रंग पाण्यासारखा पातळ करून सर्वांगावर सोडावा. तो आपोआप खळग्यांत उतरून बसतो. तोही वाळूं द्यावा. मग फिक्या रंगांत कुंचला बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करावा व उंचवट्यांवरून हलकेंच फिरवावा. गडद खालीं, फिका वर. एवढ्यानें निम्मे मावळे जिवंत झाले. वाळूं देण्याचा धीर मात्र पाहिजे. समुद्रकांठच्या दमट हवेंत रंग सावकाश वाळतो, आणि मुलांचा निम्मा वेळ कुंचला खालीं ठेवण्यास शिकण्यांत गेला.

डोळे सर्वांत शेवटीं. आपल्याच जिल्ह्यांतील पेण येथें गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी अनुभवी कारागीर करितात; नवशिक्याच्या हातीं तें काम देत नाहींत. आमचे सर्वच नवशिके. एका अंतराळवीराचा डोळा इतका मोठा झाला कीं त्यास परग्रहवासी ठरविण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

आतां ती चूक. प्लास्टरच्या तीन मेंढपाळांपैकीं एकाची घोंगडी निळी आहे. माझ्या लहानपणीं एका नाताळांत घरांतला रंग संपला, तेव्हां आईनें कपड्यांची नीळ डिंकांत कालवून ती घोंगडी रंगविली. आई आतां नाहीं. हें मीं मुलांस सांगितलें नव्हतें. सांगावें असें सुचलेंच नाहीं. एका मुलानें धूळ पुसण्याकरितां ओला कुंचला घोंगडीवर फिरविला, आणि डिंकाचा रंग पाण्यानें सुटून कुंचल्यास लागला. घोंगडीच्या कोंपऱ्यावर रुपयाएवढी नव्हे, पण मसुरीएवढी पांढरी जागा उघडी पडली. मुलगा घाबरला नाहीं. त्यास त्यांत घाबरण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. "सर, हा तसाही जुनाच रंग आहे, सगळाच धुवून ह्याला चांदीचा पोशाख देऊं," असें तो उत्साहानें म्हणाला.

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. मग घोंगडीची गोष्ट सांगितली.

त्यावर मुलांत जो वाद झाला तो मीं मधें न पडतां ऐकिला. एकाचें म्हणणें, बाजारांत नीळ मिळते, डिंक मिळतो, तसाच रंग कालवून जागा भरून टाकावी. कोणास कळणार नाहीं. दुसरा म्हणाला, कळणार नाहीं हेंच वाईट. मग बाकीची घोंगडीही कोणी रंगविली तें सांगतां येणार नाहीं. ज्याच्या हातून रंग सुटला होता तो बराच वेळ गप्प होता. तो एवढेंच म्हणाला कीं, मावळ्यांवर रंग उरलाच नव्हता म्हणून आपण नवा दिला; ह्याच्यावर आहे. वस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्तूंची निगा राखणारे लोकही ह्याच विचारानें चालतात: जें केलें तें पुन्हा काढतां यावें, आणि जुनें कोणतें व नवें कोणतें तें जाणत्यास ओळखूं यावें. पण तें मीं त्या दिवशीं सांगितलें नाहीं. त्यांना तें सांपडलें होतें.

घोंगडीस कोणीं हात लावला नाहीं. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ तेवढी झटकली.

खेळ सुटीच्या शेवटच्या रात्रीं झाला. यान त्या ग्रहावर उतरलें तेव्हां सूत्रधारानें मेजाच्या टोंकास मेंढपाळ उभा केला, आणि त्या ओसाड बंदरांत राहिलेला एकटा मनुष्य तो हाच, असें सांगितलें. त्यास बोलतें करावयास दोन फांशांवर मिळून ८ किंवा अधिक पडावयास हवे होते. ३६ प्रकारांपैकीं असे प्रकार १५. म्हणजे संधि निम्म्याहून कमी. ज्याच्या हातून रंग सुटला होता त्याचीच पाळी होती. फांसे पडले ४ आणि ५. घोंगडीवर तो पांढरा डाग कसला, असें त्यानें मेंढपाळास विचारिलें, आणि सूत्रधाराला उत्तर सुचेना म्हणून सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें.