परका आरसा

दक्षिण प्रशांत महासागरात फिजी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील व्हिटी लेवू हे सर्वांत मोठे बेट होय. या बेटाच्या नैर्ऋत्येस नांद्रोंगा हा प्रांत वसलेला आहे. अळूचे कंद, कसावा, नारळ आणि मासे हे तेथील मूळ रहिवाशांचे नित्याचे अन्न. कसावा म्हणजे ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद. जेवणाच्या वेळी दारावरून कोणी जाऊ लागला, की घरातून हाक येते, “ये, जेवायला ये!” ही हाक मारणे हा तेथील जुना शिष्टाचार आहे.

भरदार देह हे या लोकांत सौंदर्याचे व सामर्थ्याचे लक्षण मानले जाई. एवढेच नव्हे, तर त्याचे श्रेय त्या माणसाच्या घराला आणि गावाला मिळे. एखादी मुलगी वाळू लागली, तर तिच्या माणसांचे तिच्याकडे लक्ष नाही, असे लोक समजत. अन्नावरची वासना उडणे हा एक आजारच मानीत आणि त्यावर वनस्पतींचे औषध देत. मग बारीक होण्यासाठी कोणी मुद्दाम उपाशी राहावे, हा विचार तेथे कोठून येणार?

1995 साली या प्रांतात दूरचित्रवाणी आली. वाहिनी एकच होती आणि तिच्यावरील बहुतेक कार्यक्रम परदेशांत तयार झालेले असत. अॅन बेकर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ विदुषी पूर्वीपासून फिजीच्या लोकजीवनाचा अभ्यास करीत होत्या. दूरचित्रवाणी येताच त्यांनी माध्यमिक शाळांतील 63 मुलींना काही प्रश्न विचारले. 1998 साली तेच प्रश्न त्यांनी 65 मुलींपुढे ठेवले.

उत्तरे चिंता वाटावी अशीच होती. अन्नाविषयी व स्वतःच्या देहाविषयी मनात रोगट विचार रुजत असल्याची लक्षणे पहिल्या वेळी शंभरांत सुमारे 13 मुलींत आढळली होती; तीन वर्षांनी ते प्रमाण 29 झाले. आपण फार लठ्ठ आहोत असे अधूनमधून तरी वाटते, असे सांगणाऱ्या मुली तर शंभरांत 74 निघाल्या. ज्या समाजाने त्यांना सुदृढ म्हणून गौरवावे, त्याच समाजात त्या स्वतःला कमी लेखू लागल्या होत्या.

असे का व्हावे? केवळ नटण्यामुरडण्याची हौस म्हणून या मुलींना हसणे अन्यायाचे होईल. पडद्यावरील स्त्रिया शहरात राहत, नोकरी करीत, आपले निर्णय आपण घेत. गावातल्या मुलींनाही तसे जीवन हवे होते, आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु ते जीवन बारीक देहामुळे लाभते, अशी त्यांची समजूत झाली. त्या नट्या कित्येकींतून निवडलेल्या असतात, सडपातळ राहणे हा त्यांच्या व्यवसायाचाच भाग असतो आणि प्रकाश, पोशाख व रंगभूषा यांनी त्यांचे रूप घडविलेले असते, हे पडदा कधी सांगत नाही. जाहिरातदार तर प्रथम पाहणाऱ्याच्या मनात उणेपणाची भावना जागवितो आणि मग त्यावरचा उपाय विकतो. इकडे वाढत्या वयात हाडे, स्नायू व रक्त यांसाठी शरीराला अधिक अन्न लागते आणि अंग भरणे हा त्या वाढीचाच भाग असतो. अशा वेळी जेवण टाळले, तर चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही आणि वाढही खुंटू शकते.

सारा दोष एकट्या दूरचित्रवाणीला देता येणार नाही. त्या काळात फिजीचे जीवन इतर बाबतींतही पालटत होते; शिवाय दोन्ही वेळी प्रश्न विचारलेल्या मुली वेगवेगळ्या होत्या. तथापि पडद्यावरील स्त्रियांसारखे व्हावेसे वाटते, हे कित्येक मुलींनी आपल्या तोंडानेच सांगितले.

आईबापांना यातले फारसे काही उमगले नसावे. भरल्या ताटाकडे पाहून आपली मुलगी मान का फिरविते, हा प्रश्न त्यांच्या आईबापांना कधी पडलाच नव्हता.