नवजात पिल्लांची ऊब, आहार व रोगनिवारण

लोअर परळच्या चाळींतून राहिलेल्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ घर कोकणात वा घाटावर आहे. गावाकडील घरखर्चास हातभार लागावा म्हणून तेथे एक दिवसाची पिल्ले घेऊन कुक्कुटपालन सुरू करण्याचा विचार अशा कुटुंबांत होत असतो. मात्र पहिल्याच आठवड्यात पिल्ले पटापट मरू लागली म्हणजे 'रोग आला' असे म्हणून उद्योग सोडून दिला जातो. वस्तुतः या वयातील पुष्कळ मृत्यूंचे मूळ रोगात नसून गारठ्यात असते.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो. त्याच्या आधारे ते सुमारे दोन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते. म्हणूनच त्यास दूरच्या गावी पाठविता येते. परंतु अंगातील उष्णता राखण्याची शक्ती त्यास दोन-तीन आठवडे पुरेशी आलेली नसते. मुंबईच्या रस्त्यांवर रंगवून विकली जाणारी पिल्ले मुलांनी हौसेने घरी नेल्यावर बहुधा दोन-चार दिवसांतच दगावतात, त्यासही गारठा हे एक मोठे कारण असते.

पिल्ले येण्यापूर्वी एक दिवस जागा स्वच्छ व कोरडी करून भाताच्या तुसाचा दोन इंच थर पसरावा. त्यावर पहिले तीन-चार दिवस खरबरीत कागद अंथरावा. गुळगुळीत कागदावर पाय फाकून पिल्ले अधू होतात. पत्र्याचे गोल कडे करून मध्यभागी विजेचे दिवे टांगावेत. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट उष्णता ठेवून पुढे दर आठवड्यास पाच अंशांनी ती कमी करीत जावी. उष्णतामापक नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करू लागली तर ऊब कमी पडते, कडेला जाऊन धापा टाकू लागली तर ती जास्त होते, आणि सर्वत्र विखरून खात-पीत राहिली तर ती योग्य आहे, असे समजावे.

पिल्ले येताच प्रथम उकळून कोमट केलेले पाणी थोडा गूळ घालून द्यावे. भांडे उथळ असावे; खोल भांड्यात पिल्ले भिजतात व बुडतात. नंतर मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा आणि दुसऱ्या दिवसापासून २० ते २२ टक्के प्रथिने असलेले पिल्लांचे खाद्य सुरू करावे. केवळ तांदळाच्या कण्यांवर पिल्ले जगविण्याची गावाकडील रीत काटकसरीची वाटली, तरी तीत प्रथिने अपुरी पडून वाढ खुंटते. बुरशी आलेले खाद्य स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

रोगांपैकी सर्वात घातक म्हणजे राणीखेत किंवा मानमोडी. १९२६ साली जावा बेटावर व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आढळलेला हा रोग भारतात राणीखेत येथे ओळखला गेल्याने त्यास हे नाव पडले. त्यावर औषध नाही; लस हाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात वा नाकपुडीत एक थेंब द्यावा व चौथ्या आठवड्यात पुन्हा लस द्यावी. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो रोगाची लस येते. या लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने त्या बर्फात ठेवून न्याव्यात आणि कालविल्यावर दोन तासांत संपवाव्यात. पिण्याच्या पाण्यातून लस देताना क्लोरिनयुक्त नळाचे पाणी वापरल्यास लस निकामी होते. आजारी पिल्लांस लस देऊ नये.

तिसऱ्या आठवड्यानंतर दिसणारी रक्ती हगवण ही ओल्या तुसाची देणगी होय. भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढून कोरडे घालावे; पावसाळ्यात कोकणात याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पांढरी हगवण मात्र मुख्यतः आजारी कोंबडीच्या अंड्यातून पिल्लात येते. याकरिता निरोगी कळपाची पिल्ले देणारे उबवणी केंद्रच निवडावे.

पिल्ले मरू लागल्यास अंदाजाने औषधे पाजू नयेत. ताजे मेलेले पिल्लू बर्फात ठेवून नजीकच्या पशुवैद्यकाकडे शवविच्छेदनासाठी न्यावे. लोअर परळच्या शेजारीच, परळ येथे, १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईकर कुटुंबांनी गावी पिल्ले नेण्यापूर्वीच तेथे सल्ला विचारून ठेवावा.