पाण्याचा वेडा लॅब्राडोर

मे महिन्यातली दुपार. यवतमाळात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढलेला असतो. अशा वेळी एखाद्या घरचा लॅब्राडोर कुत्रा मोरीजवळच्या चिखलात पोट टेकून पडलेला तुम्ही पाहिला असेल. घरची माणसे त्याला रागावतात. परंतु तो खोडी करीत नसतो. शरीर थंड ठेवण्याचा त्याला ठाऊक असलेला सर्वांत सोपा उपाय तो करीत असतो.

त्याचे मूळ पाहिले म्हणजे उलगडा होतो. नावावरून तो कॅनडातील लॅब्राडोर प्रदेशाचा वाटतो, पण त्याचे पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील अतिथंड समुद्रात कोळ्यांच्या गळातून निसटलेला मासा पकडून आणणे, दोर तोंडात धरून ओढणे, ही कामे ते करीत. एकोणिसाव्या शतकात त्यांना इंग्लंडला नेण्यात आले. तेथे, शिकारीत पडलेली बदके पाण्यातून आणण्यासाठी त्यांची निवडून पैदास झाली आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली.

त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ व तेलकट, म्हणून पाणी आत शिरत नाही. खालची लव दाट, तिच्यात हवा अडकून राहते आणि उष्णता बाहेर जात नाही. शेपटी पाणमांजरासारखी, मुळाशी जाड. पोहताना ती सुकाणूसारखी उपयोगी पडते. बोटांमधली कातडी मात्र त्याची एकट्याची मिरास नव्हे. थोडीफार ती सर्वच कुत्र्यांना असते.

आता हाच गरम अंगरखा घालून तो विदर्भात आला आहे! आपल्याला सर्वांगाला घाम येतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो व जिभेवरचा ओलावा उडवतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले, की उष्माघाताचा धोका. अशा कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतून पंख्याने वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. ओले पोते गुंडाळून तसेच ठेवू नये. आतली उष्णता कोंडते. उन्हाळ्यात त्याचे केस भादरणेही चुकीचे, कारण तेच केस ऊनही अडवतात.

स्वभावाने हा कुत्रा गोड. राखणीला ठेवाल तर चोरालाही चेंडू आणून देईल! शिकण्यात मात्र हुशार. मुंबईत १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर पोलिसांच्या ‘जंजीर’ नावाच्या लॅब्राडोरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून दिले. या शिकण्यामागे बुद्धीबरोबर भूकही आहे. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये असे आढळले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. असा कुत्रा सतत भुकेला राहतो. अपंगांना मदत करण्यासाठी निवडलेल्या लॅब्राडोरांत हे प्रमाण तीन चतुर्थांश निघाले! खाऊसाठी जो काहीही करील, त्याला शिकवणे सोपे. पण तोच लठ्ठही होतो आणि लठ्ठ कुत्र्याला उन्हाळा अधिक बाधतो. तेव्हा शिकवताना दिलेला भाकरीचा प्रत्येक तुकडा रात्रीच्या जेवणातून वजा करा.

‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ हे तीन शब्द त्याला आधी जमिनीवर पक्के शिकवा. एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत. मग उथळ पाणी. पिल्लाला पाण्यात फेकण्याची काही जणांना हौस असते; त्याने जन्माची भीती बसते. त्याला आपल्या पायाने उतरू द्यावे, गळ्याला लांब दोरी असावी, वडीलधारे माणूस जवळ असावे. आणि प्रत्येक वेळी, बाहेर यायचे ते कोठून, हे त्याला दाखवावे.

याचे कारण आपल्या शिवारातच आहे. आता पुष्कळ शेतांत प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी झाली आहेत. उतार तिरपा, प्लास्टिक ओले व शेवाळलेले. नखे रुतत नाहीत. पाणी दिसताच लॅब्राडोर उडी घेतो, काठाकाठाने पोहत राहतो आणि उत्तम पोहणारा असूनही दमून बुडू शकतो. माणसाचेही तेच होते. त्याला वाचवायला कधीही आत उतरू नका, मोठ्यांना हाक मारा. काठावरच्या खुंटाला बांधून, आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी पाण्यात सोडून ठेवली, तर कुत्राच काय, रानातली जनावरेही वर येऊ शकतात. ‘ये’ म्हणताच मागे न फिरणाऱ्या कुत्र्याला शेताकडे मोकळे नेऊ नये.

पाणीटंचाईत घरी एखादे पसरट टोपले भरून ठेवले तरी तो त्यात पंजे बुडवून बसतो. ते पाणी नंतर झाडांना घालता येते. भिजल्यावर त्याचे कान मात्र आतून कोरडे पुसा. लोंबत्या कानांत ओल राहिली, की तेथे बुरशी धरते आणि तो डोके झटकू लागतो.